वस्तीतल्या अभ्यासवर्गासाठी अनुदान मिळवायचं कसं: ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या संस्थांसाठी

लोकमान्यनगरच्या चाळीत संध्याकाळी भरणारा अभ्यासवर्ग, येऊरच्या पाड्यावरचं वाचनालय, तुर्भे स्टोअर्सची बालवाडी, दिघ्यातला किशोरींचा गट. अशा कामांचा खर्च बहुतेक वेळा चालवणाऱ्यांच्या खिशातून आणि ओळखीच्या चार-सहा जणांच्या देणगीतून भागतो. मग कोणीतरी म्हणतं, "कंपन्यांकडे सीएसआरचा एवढा पैसा असतो, तुम्ही मागत का नाही?" (सीएसआर म्हणजे कंपन्यांनी कायद्यानुसार सामाजिक कामावर करायचा खर्च.) रात्री जागून एक पत्र तयार होतं, तेच पत्र पन्नास ठिकाणी जातं आणि कुठूनच उत्तर येत नाही.

एका छोट्या कौटुंबिक ट्रस्टकडे येणारे अर्ज वाचायचं काम माझ्याकडे असतं. अर्ज मागे पडतात ते इंग्रजी कच्चं म्हणून नाही, आणि "ओळख नव्हती" म्हणूनही फारसे नाही. कागद अर्धवट असतात, आणि एका मुलामागे वर्षाला किती खर्च येतो हे खुद्द संस्थेलाच सांगता येत नाही. म्हणून या दोन गोष्टींवर मी जास्त बोलणार आहे. बाकीचं तुलनेनं सोपं आहे.

आधी सरकारी हक्काचं बघा

एखाद्या मुलाची फी भरायची किंवा एखाद्या घराला हातभार लावायचा एवढंच असेल, तर त्यासाठी अनुदान मागत फिरू नका. त्या घराला जे हक्कानं मिळू शकतं ते आधी मिळवून द्या. आठवीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते, तिलाच सगळे एनएमएमएस म्हणतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. महापालिकेच्या शाळांतली कितीतरी मुलं पात्र असूनही परीक्षेला बसत नाहीत, कारण फॉर्मची तारीख घरी कोणी सांगितलेली नसते. आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. तिचे दरमहा २,२५० रुपये एका घराचं गणित बदलू शकतात. दहावीनंतरच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर आहेत.

याचा अनुदानाशी संबंध काय? तर चांगला देणगीदार हमखास विचारतो, "या मुलांना सरकारी योजनेतून काय मिळतं?" गेल्या वर्षी किती मुलांचे फॉर्म तुम्ही भरून दिले, याचा आकडा तयार असेल तर तुमच्याबद्दलचा विश्वास तिथेच वाढतो.

कागदपत्रं: इथेच निम्मे अर्ज अडतात

संस्था नोंदलेली नसेल तर मोठं अनुदान मिळत नाही, हे धरून चाला. महाराष्ट्रात तीन वाटा आहेत. एक, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली ट्रस्ट. दोन, १८६० च्या कायद्याखाली सोसायटी. तिला किमान सात सभासद लागतात आणि आपल्याकडे तिची नोंद १९५० च्या कायद्याखालीही करावी लागते. तीन, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. चार-पाच जणांच्या छोट्या कामाला ट्रस्ट बरा. कलम ८ ची कंपनी कागदावर झोकदार दिसते, पण दरवर्षीची अनुपालनं आणि त्यांचा खर्च छोट्या संस्थेला झेपत नाही, असं माझं मत आहे.

नोंदणी जुनी असेल तर आधी धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा काढा आणि त्यावरची नावं वाचा. दहा वर्षांपूर्वी वारलेले विश्वस्त उताऱ्यावर अजून जिवंत असतात. सध्या सही करणारे अध्यक्ष त्यात नसतातच. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. बहुतेक संस्था ठराव करतात, मिठाई वाटतात आणि बदल अर्ज विसरतात. मग कंपनीचा माणूस विचारतो, "करारावर सही करणारे विश्वस्त उताऱ्यावर कुठे आहेत?" तिथे उत्तर नसतं. थकलेले बदल अर्ज उशीर माफीच्या विनंतीसह भरता येतात, पण ते मंजूर व्हायला वेळ लागतो. म्हणून प्रपोजल लिहिण्याच्या आधीच हे काम हातात घ्या.

त्यानंतर आयकराची दोन प्रमाणपत्रं. ट्वेल्व्ह-ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला सूट, एटी-जी म्हणजे देणगीदाराला सूट. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे क्रमांक बदललेत, तरी कंपन्या आणि सीए अजून याच जुन्या नावांनी विचारतात. ही नोंदणी कायमची नसते. पहिली तात्पुरती असते, पुढे ती नियमित करून घ्यावी लागते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. प्रमाणपत्रावरची मुदतीची तारीख शोधा आणि ती कार्यालयातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. फक्त सीएच्या लक्षात असून भागत नाही.

एटी-जीबद्दल दोन गोष्टी देणगी मागताना उपयोगी पडतात. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला पात्र नसते. आणि नवी करप्रणाली निवडलेल्या नोकरदाराला ही सवलत मिळतच नाही. तेव्हा पगारदार माणसापुढे "टॅक्स वाचेल" हे पहिलं वाक्य नको. मुलांबद्दल बोला.

नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे, ती करून टाका. कंपनीचा पैसा हवा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-वन फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी तुमच्यामार्फत सीएसआरचा खर्च दाखवूच शकत नाही. अशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही लागतो. म्हणजे गेल्या वर्षी नोंदलेल्या संस्थेनं कंपन्यांचे उंबरे झिजवण्यात अर्थ नाही. तिनं ही तीन वर्षं स्थानिक देणग्यांवर काढायची, पण दरवर्षी ऑडिट करून. तीन वर्षांचे ऑडिट अहवाल हीच पुढची पुंजी.

परदेशी निधीचा विचार तूर्तास सोडा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीसाठी तीन वर्षांचं अस्तित्व आणि तेवढ्या काळात मूळ कामावर किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, मुख्य खातंही दिल्लीच्या स्टेट बँकेत उघडावं लागतं. चाळीस मुलांच्या वर्गाला हा पसारा नको.

एका मुलाचा वर्षाचा खर्च

आता कागद-पेन घ्या. नमुन्यादाखल एक वर्ग धरू: पाचवी ते आठवीची ४० मुलं, भाड्याची एक खोली, शिकवणाऱ्या दोन ताई.

दोन ताईंचं मानधन, महिना ९,००० प्रमाणे: २,१६,०००
खोलीचं भाडं, महिना ८,०००: ९६,०००
खाऊ (केळं, चणे, उपमा), दर मुलामागे १० रुपये, २४० दिवस: ९६,०००
अर्धवेळ समन्वयक, महिना ७,०००: ८४,०००
वह्या, पुस्तकं, शैक्षणिक साहित्य, दर मुलामागे १,२००: ४८,०००
ऑडिट, छपाई, बँक, फोन: २४,०००
वीज आणि किरकोळ दुरुस्ती: १८,०००

एकूण ५,८२,००० रुपये. भागिले ४०, म्हणजे एका मुलामागे वर्षाला १४,५५०, महिन्याला साधारण बाराशे.

हा आकडा हातात आला की मागण्याची पद्धतच बदलते. सोसायटीतल्या निवृत्त काकांना "जमेल ते द्या" म्हणण्यापेक्षा "एका मुलाचं वर्ष घ्याल का?" असं विचारता येतं. बँकेला दहा मुलांचं वर्ष सांगता येतं, कंपनीला चाळीसचं.

एक लबाडी सर्रास होते, आणि ती संस्थेच्याच मुळावर येते. समन्वयकाचं मानधन, ऑडिटचा खर्च, फोन हे सगळं बजेटमधून गाळायचं, म्हणजे "सगळा पैसा थेट मुलांपर्यंत" असं दिसतं. मग वर्षभर तो खर्च कोणीतरी गुपचूप स्वतः करतं आणि दोन वर्षांत थकून जातं. "सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही" असं तुम्हाला सांगितलं जाईल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कामकाजाच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्यासाठी आणि त्यावर देखरेख ठेवण्यासाठी थेट होणारा खर्च त्यात मोडत नाही. समन्वयक मुलांची हजेरी बघते, घरी जाऊन पालकांना भेटते, चाचण्या घेते. तिचं मानधन प्रकल्पाचाच खर्च आहे. काही कंपन्या आपल्या धोरणात याहून कडक मर्यादा घालतात, तो त्यांचा अधिकार. पण कायद्याचं नाव सांगून कोणी कापायला लागलं, तर शांतपणे हा फरक समजावून सांगा.

मागायचं कोणाकडे

जवळच्यापासून सुरुवात करा. हाउसिंग सोसायट्या, गणेशोत्सव मंडळं, रोटरी-लायन्सचे स्थानिक क्लब, सहकारी बँका, नौपाडा-पाचपाखाडीतली दुकानदार मंडळी. रक्कम लहान असते, पण हे लोक संध्याकाळी चालत येऊन वर्ग बघू शकतात. मोठ्या देणगीदारालाही "तुमच्या आसपासचे लोक तुम्हाला पैसे देतात का?" हे जाणून घ्यायचं असतं.

महापालिकेकडे शक्यतो पैसे मागू नका, जागा मागा. ठाण्यातलं याचं सगळ्यात ठळक उदाहरण तीन हात नाक्यावरची सिग्नल शाळा. उड्डाणपुलाखाली कंटेनरमध्ये २०१६ साली सुरू झालेली ही शाळा समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था आणि ठाणे महापालिका यांच्या सहकार्यातून उभी राहिली. तुमचं काम एवढं मोठं नसेल, पण महापालिकेच्या शाळेतली एक खोली संध्याकाळी तीन तास मिळाली, तर वरच्या बजेटमधले ९६,००० रुपये भाडं वाचतं. अर्ज मुख्याध्यापकांशी बोलून, मग शिक्षण विभागाकडे. वेळ लागतो, खेटे घालावे लागतात, आणि सुट्टीत कुलूप कोण उघडणार यावर सगळं अडतं. ते आधीच लेखी ठरवून घ्या.

मग कंपन्या. ५०० कोटींचं नक्त मूल्य (नेट वर्थ), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी निकष लागू झाला तरी कंपनीला कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, जे छोट्या संस्था वापरत नाहीत: कंपनीनं आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावं. ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे हा ठाणे-बेलापूर पट्टा आणि इकडे वागळे इस्टेट, इथे ज्यांचे कारखाने किंवा ऑफिसं आहेत त्यांच्यासाठी तुमची वस्ती हाच "परिसर" आहे. बीकेसीतल्या मुख्यालयाला पत्र धाडण्याआधी रबाळ्याच्या प्लांटमधल्या एचआर किंवा ॲडमिनच्या माणसाला भेटा. त्याच्या कारखान्यातले कामगार जिथे राहतात, तिथलीच मुलं तुमच्या वर्गात असतात. मात्र निव्वळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीचा कार्यक्रम सीएसआरमध्ये धरला जात नाही, हेही लक्षात असू द्या.

भेटीला जाण्याआधी घरी बसून एक काम करा. कंपन्यांना आपलं सीएसआर धोरण, समितीची माहिती आणि मंजूर प्रकल्प वेबसाइटवर टाकावे लागतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवरही कोणत्या कंपनीनं कुठल्या क्षेत्रात किती खर्च केला ते दिसतं. जी कंपनी सगळा पैसा पाणी आणि झाडांवर खर्च करते, तिच्याकडे अभ्यासवर्गाचं प्रपोजल नेणं म्हणजे दोघांचाही वेळ वाया. शिक्षणावर खर्च करणाऱ्या, जवळच्या पाच-सहा कंपन्या निवडा. पन्नास नकोत.

आणि वेळ सांभाळा. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाचं नियोजन हिवाळ्यात सुरू होतं, तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर हा भेटण्याचा काळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक फोन येतात: "थोडा निधी उरलाय, तीन आठवड्यांत खर्च कराल?" मोह होतो. ग्रंथालयासाठी पुस्तकं, बाकं अशी एकरकमी खरेदी असेल तर घ्या. मार्चअखेर चाळीस टॅब्लेट घेऊन एप्रिलमध्ये ते कपाटात पडणार असतील, तर नाही म्हणा. पुढच्या वर्षी त्या टॅब्लेटचा हिशेब तुम्हालाच द्यायचा आहे.

प्रपोजल: चार पानं पुरतात

दर आठवड्याला माझ्यासमोर साधारण असं काहीतरी येतं:

"आमची संस्था गेली अनेक वर्षे समाजातील वंचित व उपेक्षित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी अविरत झटत असून बालकांच्या उज्ज्वल भविष्याकरिता आपल्या बहुमोल सहकार्याची नितांत आवश्यकता आहे."

यात किती मुलं, कुठली, त्यांना काय येत नाही, काहीच कळत नाही. तीच संस्था असंही लिहू शकते:

"वागळे इस्टेटलगतच्या वस्तीत आम्ही पाचवी ते आठवीच्या ४० मुलांचा वर्ग संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ चालवतो. मुलं महापालिकेच्या शाळेत जातात. पालक घरकाम आणि नाक्यावरची मजुरी करतात, आठच्या आत घरी येत नाहीत. जूनच्या चाचणीत १७ मुलांना मराठीतला साधा परिच्छेद वाचता आला नाही, २३ मुलांना भागाकार आला नाही. मार्चपर्यंत या १७ पैकी किमान १२ मुलं परिच्छेद वाचू लागतील, असं आमचं उद्दिष्ट आहे. वर्षाचा खर्च ५,८२,००० रुपये. त्यातले २,००,००० आम्ही स्थानिक देणग्यांतून उभे करतो; उरलेल्या ३,८२,००० साठी हा अर्ज."

सतरापैकी बारा म्हटल्यावर काही कार्यकर्त्यांना अपराधी वाटतं. "सगळी मुलं वाचू लागतील" असंच लिहायला हवं होतं, असं ते म्हणतात. पण अर्ज वाचणाऱ्याला बारा हा आकडा खरा वाटतो, आणि उरलेल्या पाचांचं काय हा पुढचा प्रश्न तो आपणहून विचारतो. त्याचं उत्तर तोंडी द्यायला तयार राहा: दोन मुलांना बहुधा चष्मा लागेल, एकीला धाकट्या भावाला सांभाळायचं असतं म्हणून ती रोज येत नाही. असं बोलता येतं ते मुलं नावानिशी माहीत असलेल्यालाच.

त्यासाठी जूनमध्ये चाचणी घेतलेली असायला हवी. ती नसेल तर यंदा घ्या. एक परिच्छेद, दहा गणितं, एक वही, एवढं पुरे.

चार पानांत संस्थेची ओळख अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नका. संस्थापकांचा सत्कार, वर्तमानपत्रातली कात्रणं, मान्यवरांसोबतचे फोटो सोबतच्या फाइलमध्ये ठेवा, मागितली तर द्या.

पाहुणे वर्ग बघायला येतात तेव्हा

कार्यक्रम ठेवू नका. स्वागतगीत नको, शाल-श्रीफळ नको, मुलांना एकेक करून उभं करून "मोठा होऊन मी डॉक्टर होणार" वदवून घेणं तर नकोच. रोजचा वर्ग रोजच्या वेळेला चालू द्या. पाहुण्यांना मागे बसवा, हजेरीची वही आणि चाचणीची वही समोर ठेवा. खाऊच्या वेळेला पाहुण्यांनाही तोच उपमा द्या.

फोटोबद्दल आधीच सांगा. पालकांची लेखी संमती असलेल्याच मुलांचे फोटो, आणि कोणाच्या घरातलं दुःख फोटोखालच्या ओळीत जाणार नाही. संस्थेचं बालसंरक्षण धोरण एका पानावर लिहून भिंतीला लावलेलं असावं: मूल एकट्या प्रौढासोबत बंद खोलीत नसेल, मारणं-शिव्या नाहीत, तक्रार कोणाकडे करायची, पॉक्सोखालचा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा) प्रकार कळला तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कंपन्या आता हे मागतात. मागितलं नसतं तरी लागलं असतंच.

पैसे आल्यावर

करारातले हप्ते, अहवालाच्या तारखा आणि न वापरलेल्या रकमेचं काय करायचं ही कलमं सही करण्याआधी दोघांनी बसून वाचा. या अनुदानाचा खर्च हिशेबात वेगळ्या खात्यावर टाका. प्रत्येक बिलामागे कोणत्या अनुदानातून खर्च झाला ते पेन्सिलीनं लिहायची सवय लावा. कंपनीचा माणूस बिलांसाठी पुन्हा पुन्हा फोन करतो, तो हौसेनं नाही. दिलेला पैसा ठरल्या कामालाच लागला हे त्यांच्या वित्त प्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. वर्षअखेर सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्यासाठी सीएला मेअखेर नाही, मार्चमध्येच गाठा.

एखादी ताई मध्येच सोडून गेली, दोन महिने मानधन वाचलं, तर ते लपवून खाऊवर वळवू नका. ईमेल करा, बदलाची परवानगी घ्या. ती सहसा मिळते.

नकार आला तर एकच ओळ लिहा: "पुढच्या वेळी काय सुधारू?" सगळे उत्तर देत नाहीत. जे देतात, त्यांची नावं पुढच्या ऑक्टोबरच्या यादीत सगळ्यात वर ठेवा.

आणि अनुदान मंजूर झालं असेल, तर दुसऱ्या वर्षाची बोलणी जानेवारीत सुरू करा. मंजुरी वेळेत मिळाली तरी करार, सह्या आणि पहिला हप्ता यांत जून उजाडतो. एप्रिल ते जून दोन्ही ताई, समन्वयक आणि खोलीचं भाडं मिळून महिना ३३,००० प्रमाणे ९९,००० रुपये लागतात. तेवढी रक्कम स्थानिक देणग्यांमधून वेगळी काढून मुदत ठेवीत टाका, आणि पावती खजिनदारांकडे द्या.